कॅन्सर : दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका



या पत्रिकेत माझ्याकडून आपण नेहमी लागणीचे अंतर, खताचे हप्ते, हुमणी, खोडवा असे विषय वाचता. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. गेल्या काही हंगामांत कुठल्याही गटात गेलो की ‘अमक्याला कॅन्सर निघाला’ हे वाक्य कानावर पडते, आणि पाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘पण फार पुढं गेला होता.’ हे दुसरे वाक्य टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. औषध सांगणे माझे काम नाही. परंतु रोगाची खूण लवकर ओळखायची आणि वेळ न घालवता जाणत्याकडे जायचे, हे काम उसाच्या बाबतीत आपण सगळेच करतो. तेच घरच्या माणसांच्या बाबतीत कसे करावे, एवढेच येथे सांगत आहे.

कॅन्सर म्हणजे काय?

आपले शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, गरजेपुरत्या नव्या तयार होतात. या वाढीवर शरीराचा ताबा असतो. तंबाखू, काही विषाणू, वाढते वय अशा कारणांनी पेशीच्या आतल्या रचनेत बिघाड होतो, ताबा सुटतो आणि ती पेशी थांबेनाशी होते. उसाच्या फडात उशिरा फुटणारे पाणकोंब आपण पाहतो. खत-पाणी ओढतात, साखर मात्र देत नाहीत. कॅन्सरच्या पेशी तशाच, अन्न खातात आणि उपयोगी पडत नाहीत.

येथवर रोग एका जागी असतो. पुढे त्या पेशी शेजारच्या भागात घुसतात आणि रक्तातून व रसवाहिन्यांतून दुसरीकडे जाऊन रुजतात. पाटाच्या पाण्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी एका वावरातून दुसऱ्या वावरात जातात, तसेच हे आहे. लव्हाळा एका कोपऱ्यात आहे तोवर खणून काढता येतो, सगळ्या शिवारात गेल्यावर जन्मभर पुरतो. कॅन्सर लवकर सापडणे आणि उशिरा सापडणे यांतला फरक एवढाच, पण त्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. आपल्याकडे दुखले तरच दवाखाना, अशी रीत आहे. ‘गाठ हाय, पण दुखत न्हाई, मग कशाला जायचं?’ असे म्हणतात. खरे तर न दुखणारी गाठ आणि न दुखणारा चट्टा हेच आधी दाखवले पाहिजे.

आपल्याकडचे तीन मोठे कॅन्सर

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांवर नवे रुग्ण होतात. त्यांत स्तनाचा कॅन्सर सुमारे १ लाख ९२ हजार, ओठ व तोंडाचा सुमारे १ लाख ४३ हजार आणि गर्भाशयाच्या मुखाचा सुमारे १ लाख २७ हजार. म्हणजे एकूण रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश या तिघांत येतात. आणि हे तिन्ही डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून किंवा साध्या तपासणीने लवकर सापडण्याजोगे आहेत.

*१. तोंडाचा कॅन्सर.* तंबाखू-चुना, गुटखा, मावा, सुपारी, विडी आणि बायकांत मशेरी, ही त्याची मुख्य कारणे. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. राज्यात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो खिशात सापडतोच. मशेरीला तर कोणी व्यसनच मानत नाही, ‘दात घासते’ म्हणतात. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दिवसातून चार वेळा हिरड्यांना लागते.

लक्षणे अशी : दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला फोड किंवा जखम, गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा, तिखट सोसेनासे होणे, दात विनाकारण हलणे, मानेला गाठ, आवाज बसून तो न सुटणे. तोंड उघडणे कमी होणे ही मोठी खूण आहे. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये जातात का ते पाहावे. जात नसतील तर दंतवैद्याकडे जावे.

*२. स्तनाचा कॅन्सर.* स्तनात किंवा काखेत न दुखणारी घट्ट गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित पाणी येणे, एका बाजूचा आकार बदलणे. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक गाठी साध्या निघतात. पण कोणती साधी हे घरी बसून ठरत नाही. लाजेपायी आपल्या माय-बहिणी ही गोष्ट नवऱ्यालाही सांगत नाहीत. घरातल्या कर्त्या पुरुषाने ही लाज मोडायला मदत करावी. एखाद्या बाईची आई वा बहीण या रोगाची असेल तर तिने अधिक जपावे.

*३. गर्भाशयमुखाचा कॅन्सर.* लोक याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे ही लक्षणे. पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेले रक्त कधीही साधे समजू नये. हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. एवढ्या अवधीत तपासणी केली तर रोग होण्याआधीच त्याची वाट अडवता येते.

याशिवाय काही खुणा थोडक्यात सांगतो. आधी भाकरीचा घास अडकणे आणि पुढे पातळही न उतरणे, ही अन्ननलिकेची खूण. दोन आठवड्यांवर खोकला किंवा थुंकीत रक्त आल्यास क्षयाची तपासणी करावीच, ती नकारार्थी आली तर फुप्फुसाचा फोटो पाहून घ्यावा. शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध’ म्हणून झाडपाला सुरू होतो, चाळिशीनंतर तसे करू नये. लघवीत रक्त, विनाकारण झपाट्याने उतरणारे वजन, तसेच लहान मुलात सतत ताप, फिकेपणा व अंगावर निळे डाग, हेही डॉक्टरला दाखवावे.

निदान : कांडी चिरल्याशिवाय कळत नाही

लाल कुजीचा ऊस बाहेरून काही दिवस हिरवागार दिसतो. कांडी उभी चिरली की आतली लाली, मधले पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास, म्हणजे खात्री. कॅन्सरचेही असेच आहे. नुसत्या नाडीवरून, रक्ताच्या एका चाचणीवरून किंवा कोणाच्या अंदाजावरून त्याचे निदान पक्के होत नाही. संशयाच्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याला बायोप्सी म्हणतात. कधी बारीक सुईने पेशी काढून पाहतात. स्तनासाठी मॅमोग्राफी, आतल्या अवयवांसाठी सोनोग्राफी, दुर्बीण, सीटी स्कॅन लागतात. रोग कुठवर गेला आहे ते पाहून त्याची पहिली ते चौथी पायरी ठरते आणि त्यावर उपचार ठरतो. मातीपरीक्षणाच्या अहवालाशिवाय खताची मात्रा देऊ नये, असे मी नेहमी सांगतो. येथेही तोच नियम लागू आहे.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ असा एक समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. सुई न लावता घालवलेल्या सहा महिन्यांत मात्र रोग खात्रीने पुढे जातो.

उपचार

मुख्य मार्ग तीन. शस्त्रक्रिया करून गाठ काढणे, किरणोपचार म्हणजे रेडिएशन देऊन त्या जागेच्या पेशी मारणे, आणि किमो म्हणजे शिरेतून वा गोळ्यांनी सर्व शरीरात औषध पोचवणे. पुष्कळदा दोन किंवा तीन मार्ग मिळून वापरावे लागतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये पुढे पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. किमोने केस जातात, ओकाऱ्या होतात, अशक्तपणा येतो, पण केस पुन्हा येतात. मध्येच उपचार सोडणे सर्वांत घातक. निम्मी फवारणी करून पंप ठेवून दिला तर कीड उरते आणि पुन्हा वाढते, हे आपण जाणतोच.

रोग फार पुढे गेला असेल तरी ‘आता काही उपाय नाही’ असे म्हणून माणसाला घरी कण्हत ठेवू नये. वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या व इतर औषधे असतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर शेवटचे दिवसही माणसासारखे जातात.

बार्शीने दाखवलेली वाट

कुणी म्हणेल, हे सारे शहरातल्या लोकांचे, खेड्यात कसे जमणार? याचे उत्तर आपल्याच ऊसपट्ट्यात, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मिळाले आहे. तेथे अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. भारतातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे त्यात घेतली. कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्णांची नोंद करीत आणि लोकांना लक्षणे समजावून सांगत. याचा एक परिणाम थोड्याच वर्षांत दिसला. मोठे यंत्र नाही, नवे औषध नाही, केवळ माहिती पोचल्याने बायका आधीच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या.

पुढे १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठी पाहणी हाती घेतली. ४९७ गावांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. गावांचे गट पाडून काहींत एचपीव्हीची एकदाच तपासणी केली, काहींत दुसऱ्या पद्धती वापरल्या, काहींत नेहमीचीच सेवा ठेवली. निकाल २००९ साली जगापुढे आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात पुढच्या पायरीचे ३९ रुग्ण व ३४ मृत्यू. साधारण तेवढ्याच बायकांच्या तपासणी नसलेल्या गटात पुढच्या पायरीचे ८२ रुग्ण व ६४ मृत्यू. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ही कामगिरी परदेशातली नाही, आपल्यासारख्याच शेतकरी-मजूर बायकांच्या गावांतली आहे.

तोंडाच्या कॅन्सरबाबत केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अशीच पाहणी झाली. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड उघडून बघितले. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. नाव व गट सांगत नाही. एका सभासदाच्या गालात दसऱ्याच्या सुमारास फोड आला. घरच्यांनी टोकले तेव्हा उत्तर एकच, ‘ऊस जाऊ द्या, मग बघू.’ ऊस फेब्रुवारीत गेला, पुढे बिलाची वाट पाहिली. दवाखान्यात गेले तेव्हा अर्धा जबडा काढावा लागला, आणि पुढच्या गळिताच्या आत माणूस गेला. एक एकर विकले ते वेगळेच. दसऱ्याला गेले असते तर काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. पण बार्शीचे आकडे काय सांगतात ते वर दिलेच आहे. तोड चार दिवस पुढे-मागे झाली तर उताऱ्यात थोडा फरक पडतो. तपासणी चार महिने पुढे ढकलली तर भरून न येणारे नुकसान होते.

पिशवी काढण्याची घाई नको

लवकर तपासा म्हणजे लवकर कापा, असा अर्थ कोणी घेऊ नये. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याची बाब उघड झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे पाहणी आली, तीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी तरुण होत्या. पोट दुखते, पांढरे पाणी जाते म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. त्यात खाड्याचा धाक, उचलीचा भार, कोपीवर न्हाणी-संडास नाही, हेही होतेच.

म्हणून स्पष्ट सांगतो. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो व औषधाने बरा होतो. तपासणीचा कागद हातात नसताना केवळ भीतीपोटी पिशवी काढू नये, दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या टोळीतल्या बायकाही आपल्याच आहेत. त्यांना तपासणीसाठी एक दिवस मोकळा मिळावा, खाडा धरू नये, हे ऊस मालकाने मुकादमाला सांगितले पाहिजे.

सभासदांचे नेहमीचे प्रश्न

*कॅन्सर संसर्गजन्य आहे काय?* नाही. काणीचा ऊस शेजारच्या उसाला बाधतो, तसे यात नाही. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करू नये. त्याला शेजारी बसवून जेवावे.

*साखर खाल्ल्याने कॅन्सर होतो काय?* साखरेने थेट कॅन्सर होतो असे सिद्ध झालेले नाही. पण गोड फार खाऊन वजन वाढले, तर लठ्ठपणामुळे काही कॅन्सरचा धोका वाढतो. आपण साखर पिकवतो म्हणून ही दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

*तणनाशके व कीटकनाशकांमुळे होतो काय?* काही रसायनांबाबत संशय आहे. ग्लायफोसेटला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. तेव्हा हातमोजे, तोंडाला फडके, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, वाऱ्याविरुद्ध फवारू नका, रिकामे डबे घरात वापरू नका. आणि औषधाच्या हातांनी तंबाखू मळू नका. मात्र फवारणीची चिंता करणाऱ्याने गालातली गोळी आधी थुंकावी, कारण तंबाखूबद्दल संशय नाही, खात्री आहे.

*लस आहे काय?* गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. मुलींना ९ ते १४ या वयात दिल्यास उत्तम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. लस घेतली तरी पुढे तिशीनंतर तपासणी करावी लागते.

कोठे जावे, खर्चाचे काय?

सुरुवात जवळच्या उपकेंद्रापासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांची तोंडाची, तसेच बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात धरलेली आहे. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. दुखत नाही, फार वेळ लागत नाही. आशाताईंना विचारा.

पुढच्या उपचारासाठी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईत परळचे टाटा रुग्णालय आहे. टाटा रुग्णालय १९४१ सालापासून सुरू आहे. मुंबईला जायचे तर राहायचे कुठे, हा मोठा प्रश्न असतो. ज्यांची पोरे किंवा भावकी वसईकडे सातिवली, वालीवच्या कारखान्यांत कामाला आहे, त्यांनी तेथे मुक्काम करून वसई रोडवरून लोकलने दादर गाठावे, तेथून परळ जवळ आहे. ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जाताना जुने सगळे कागद, फोटो, बायोप्सीचा अहवाल बरोबर न्यावा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या पुष्कळ उपचारांचा समावेश असून एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ यांना भेटावे. चौकशीचा क्रमांक १५५३८८. आधी पैसे भरून मग योजना विचारू नका, दाखल होतानाच विचारा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

शेवटी

उसाची नोंद द्यायला आपण लागणीची तारीख बरोबर सांगता. त्याच वहीच्या मागच्या पानावर घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचे नाव लिहा आणि पुढे तपासणीची तारीख घाला. ज्या नावापुढे जागा कोरी असेल ते माणूस या महिन्यात आरोग्य केंद्रात गेले पाहिजे. दर रविवारी आरशात उजेडाला तोंड उघडून बघा. दोन आठवडे न भरलेला फोड, न दुखणारी गाठ, अवेळी गेलेले रक्त यांना ‘हंगाम संपल्यावर’ अशी मुदत देऊ नका.

हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या बायकांना वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. गट ऑफिसला आलात आणि कुठे जावे हे समजत नसेल तर जरूर विचारा. खताच्या चिठ्ठीइतक्याच आपुलकीने सांगू.

आपला,
ऊस विकास अधिकारी